पाण्याची की तेलाची

वामन,

तू गेलास तो गेलास, तलवार मात्र माझ्या गळ्यात बांधून गेलास.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे बोलले. पॉवर हाऊसच्या स्टोअरमधले तुझे जुने साहेब बोलले, तुझ्या लेकीच्या, सुजाताच्या, शाळेतल्या बाई बोलल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रडू आवरत नाही. रडू कसलं, राग आवरत नव्हता. समोर तुझा हार घातलेला फोटो, आणि त्यात तू तसाच हसतोस, मला बोलण्यात पकडल्यावर हसायचास तसा. हसणाऱ्या माणसावर माइकवरून ओरडायचं कसं? म्हणून लिहितोय. माझं शिक्षण चौथीचं, तुला ठाऊक आहे. मी काही लिहिलं की तू लाल पेन घेऊन बसायचास. आता काढ चुका.

तू गेल्यावर आठवडाही झाला नसेल, मागच्या गल्लीत कुणीतरी वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. पोलिसांनी तलवार नेली आणि कापणाऱ्यालाही नेलं. मग घरोघर चौकशी सुरू झाली, कुणाकडे अजून काही आहे का म्हणून. तुझ्या घरी अजून आले नव्हते. पण वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता. जिन्यात पाऊल वाजलं की त्या लोखंडी कपाटाकडे बघायच्या. आत जुन्या साडीत गुंडाळलेली ती. मला म्हणाल्या, "भाऊजी, हे होते तेव्हा मी तिला कधी हात लावला नाही. आता तिच्यापायी मला घास उतरत नाही."

दोन घरं सोडून मी राहतो, तरी सुजाता माझ्याकडे आली ती चपला न काढता दारातच उभी राहिली.

"काका, एकदाचं ठरवून टाकायचं आहे."

"काय ठरवायचं?"

"संग्रहालयातल्या एका बाईंशी बोलले मी. जुनी, हातानं घडवलेली असेल तर त्या रीतसर कागद करून नेतील. खाली पाटी लावतील, अण्णांच्या नावाची. पण दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत कारखान्यात काढलेली असेल तर त्यांना नको. मग चौकीत जमा करायची."

"आणि मग?"

"मग काय. वापस थोडीच देणारेत. मोडीतच जाईल बहुतेक." ती थांबली. मग तुझ्याच सुरात म्हणाली, "काका, पाण्याची की तेलाची?"

मी म्हटलं, "हे काय आजचं हाय का? मी पहिल्या दिवशीच सांगितलं व्हतं."

"ते भांडण होतं. आता खरं सांगा."

"त्या बाईंना बोलव. त्या बघतील."

"नाही बोलवणार. त्यांनी आमच्या घरात येऊन, अण्णांच्या फोटोखाली बसून म्हणावं की हे काही नाही, वीस जणांकडे असतं असलं? मला नाही ऐकवणार. आधी मला कळू दे. तुम्ही मूठ उघडा. अण्णा म्हणायचे, उघडायची वेळ आली तर सख्याच उघडेल."

बघ, मेल्यावरही मला कामाला लावलंस.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो, नाहीतर त्यांना वाटेल दोन म्हातारे पाणी-तेलावरून काय भांडत होते. मी एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसच्या वर्कशॉपमध्ये भट्टीवर जन्म काढला. लोखंड लाल करायचं, ठोकायचं, घडवायचं आणि शेवटी बुडवायचं. लाल पातं पाण्यात गेलं की किंचाळतं. जरा चुकलं की तडकतं आणि सगळी मेहनत फुकट. पण टिकलं तर त्याची धार काही औरच. तेलात बुडवलं तर निमूट बसतं, तडकायची धास्ती कमी. तुझी तलवार जपानी, आणि जपान्यांच्या जुन्या तलवारी पाण्यातल्या. लढाईच्या वर्षांत कारखान्यांनी झपाट्यानं काढल्या त्या बहुतेक तेलातल्या. हे मला तूच शिकवलंस, मोबाइलवर चित्रं मोठी करकरून. पाण्यातल्या पात्याला धारेच्या कडेनं धुक्याची लाट दिसते, आणि त्या लाटेत रव्यासारखे बारीक कण चमकतात. तेलातल्या पात्यालाही पांढरी कड असते, पण मुकी. कण नाहीत.

तू ती आणलीस ते साल माझी बायको शेवंता गेली ते. मी दाराबाहेर पडणं सोडलं होतं. तू देवळाली कॅम्पातून थेट माझ्याकडे आलास, स्कूटरवर पायांच्या मध्ये ती उभी धरून. कुणा सैनिकाच्या नातवानं दिली होती, आजोबानं ब्रह्मदेशातून आणलेली. म्हणालास, "सिग्नलला हवालदारानं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, पडद्याचा रॉड."

मला हसू आलं नाही. तू तिच्यावरची साडी सोडलीस. रंगवलेलं पत्र्याचं म्यान, मुठीला फितीची वीण, विणीखाली खरखरीत माशाचं कातडं, मूठ आणि पात्यामध्ये पितळेची चकती, तिच्यावर फुलं कोरलेली. म्यानाच्या तोंडाशी बारीक आकडे ठोकलेले. मी पातं दिव्याखाली एकदा तिरकं केलं आणि परत दिलं.

"तेलाची हाय. कारखान्याचा माल."

"नीट बघ तरी!"

"बघितली. लोखंड बघायला मला चष्मा लागत नाय."

तू असा लाल झालास! "म्यानावर आकडे असले म्हणजे पातं कारखान्याचं होत नाही, सख्या. घरातली जुनी तलवार काढून तिला लष्करी कपडे चढवायचे ते लोक. तू कपडे बघून माणूस ओळखतोस का?"

मी म्हटलं, "माणूसच बघितला. कपडे तू बघत बस."

दार आपटून गेलास. रात्रभर मला तुला द्यायचं उत्तर सुचत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सांगायला मी चप्पल घालून तुझ्या घरी आलो. किती महिन्यांनी पायात चप्पल घातली होती, ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिथून जे सुरू झालं ते दवाखान्यापर्यंत चाललं. तू भिंग धरून म्हणायचास, "हे बघ, हे कण." मी म्हणायचो, "तो तुझ्या डोळ्यातला मोतीबिंदू." वहिनी चहा ठेवून जायच्या आणि म्हणायच्या, "कापा एकदाचे एकमेकांना तिनंच, म्हणजे मी सुटले." चौकातल्या टपरीवर तुला चिडवायचे, "वामनराव, घरात बुद्ध आणि कपाटात तलवार? हे कोणत्या शीलात बसतं?" तू शांतपणे सांगायचास, "मी धार नाही जमवत. ज्यानं घडवली त्याचा हात जमवतो." एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "आणि हा बघा, ह्याला हात आहे पण डोळा नाही." सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो. तुला वाटलं रुसलो. रुसलोच होतो.

एक कबूल करतो, ते तोंडावर कधी केलं नाही. तलवारींच्या मुठीपाशी बसतात त्या चकत्यांच्या बाबतीत तुझा डोळा पक्का होता. द्वारका चौकाच्या अलीकडे भंगारवाल्यानं ताडपत्रीच्या दोरीला वजन म्हणून एक लोखंडी चकती बांधली होती. मी तिच्यावरून दहादा गेलो असेन. तू स्कूटर थांबवून तिच्यासमोर उकिडवा बसलास. काळी, जाड, तिच्यात उडणारे पक्षी आरपार कापलेले, इतके साधे की नखानं ओरखडले असावेत. पुढं त्याच संग्रहालयातल्या बाईंनी फोटो बघून सांगितलं, ही लढाईच्या कितीतरी आधीची आहे. तू मला सांगायला पळत आलास, पायात दोन वेगळ्या चपला. तू जमवलेल्या चकत्या त्या बाई नेणारच आहेत. पाटी लागेल. तेवढं तरी झालं.

पण तलवार. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, त्याला आपण शेपूट म्हणायचो, सगळा न्याय तिथं असतो. घडवणाऱ्याचं नाव तिथं. कारखान्याचा गोल शिक्का असला तर तोही तिथंच. एक बांबूची खुंटी ठोकून काढली की मूठ निघते. मी कितीदा म्हटलं, काढ ती खुंटी आणि होऊन जाऊ दे. तू म्हणायचास, "ज्या दिवशी तू म्हणशील, मला ठाऊक नाही, त्या दिवशी काढीन." मी ते म्हणणार होतो होय? मरेपर्यंत म्हणालो नसतो. शेवटी मेलास तू.

तर रविवारी सकाळी बसलो. तुझ्या खोलीत, खिडकीपाशी, खाली सतरंजी. दार आतून लावलं, वहिनींनी कडी दोनदा बघितली. सुजाता समोर. मी घरून पितळेची हातोडी आणि पंच आणला होता. पातं म्यानातून काढलं तर खोलीभर लवंगेच्या तेलाचा वास. तू आजारी पडायच्या आधी लावलेलं असणार. एक डाग नाही, वामन. एक ठिपका नाही.

हातोडी उचलली आणि परत खाली ठेवली. कारण बसल्या बसल्या मला कळलं, की मी जिंकलो तर ही चौकीत जाते आणि तिथून भंगारात. हरलो तर तुझ्या नावाची पाटी. इतकी वर्षं मला जिंकायचं होतं. आणि तिथं सतरंजीवर मी मनात म्हणत होतो, हरव, हरव मला एकदा.

पंच लावला. म्हटलं, ऐंशी वर्षांची खुंटी, घट्ट बसली असेल, बेतानं ठोकू. पहिल्याच टोल्याला टुणकन बाहेर पडली.

मी ती उचलून उजेडात धरली. जुना बांबू असा नसतो, तो काळा पडतो. ही मधासारखी पिवळी होती. तापल्या वाळूत भाजून कडक केलेली, वर तेल चोळलेलं. हातोड्याच्या दांड्याला पाचर ठोकायची तर बांबू असा भाजून घ्यावा, हे तुला कोणी शिकवलं? मी शिकवलं. आणि तासलेल्या कडेचा उतार उलटा होता. डावखुऱ्या माणसानं, तुझ्यासारख्यानं, तासलेला.

"काय झालं काका?" सुजाता म्हणाली.

"काय नाय. मूठ धर."

मूठ हळूहळू सरकली. शेपूट बाहेर आली, तांबूस तपकिरी. आधी अक्षरं दिसली. उभी, छिन्नीनं कोरलेली. मला मराठीच वाचताना बोट लागतं, ती तर जपानी. पण नाव होतं, एवढं कळलं. सुजातानं श्वास घेतलेला मला ऐकू आला. "काका, नाव आहे! अण्णांचं खरं होतं!"

अंगठ्यानं वरच्या बाजूला, पात्याच्या जवळ, चाचपलं. गोल शिक्का. लहान, नखाएवढा, ठसठशीत. कारखान्याच्या मालावरही कारागिराचं नाव असायचं, हे तूच सांगितलं होतंस, आणि नाव असो नसो, शिक्का असला की बोलणं संपलं, हेही तूच.

तेलाची होती. पहिल्या दिवशी जे म्हटलं तेच.

तुला हे माहीत होतं. नक्की कधीपासून, ते आता कळायला मार्ग नाही. घरात कुणाला न सांगता तू मूठ उघडलीस, शिक्का बघितलास, जुनी खुंटी मोडली असेल म्हणून नवी तासलीस, माझ्याच पद्धतीनं, आणि मूठ पुन्हा बसवून संध्याकाळी मला म्हणालास, "बस सख्या. हे बघ, हे कण."

वामन, असा राग मला उभ्या आयुष्यात आला नाही. जिंकलेल्या माणसाला असं कुणी फसवतं का? एकदा म्हणायचं होतंस ना, सख्या, तू बरोबर होतास. एकदा. मी ते ऐकायला किती संध्याकाळी तुझ्या त्या मोडक्या खुर्चीत बसलो. ते म्हणाला असतास तर मी चहा संपवून घरी गेलो असतो. आणि…

आणि मग आलो नसतो. मी स्वतःला ओळखतो. भांडण संपलं असतं तर मी पुन्हा दार लावून बसलो असतो, शेवंताच्या रिकाम्या खाटेसमोर. तू हरलेला होतास आणि रोज संध्याकाळी हरलेलं भांडण माझ्यासाठी पुन्हा मांडत होतास. हे मला त्या सतरंजीवर कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला असं समजू नकोस.

तेव्हाच दवाखान्यातलंही उलगडलं. शेवटच्या दिवसांत तुला बोलवत नव्हतं, तरी बोटानं मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, पोरीचं काही सांगायचं असेल. तू म्हणालास, "तुमच्या भट्टीवर… लोखंड तेलात बुडवलं… तर काय म्हणता तुम्ही लोहार?"

मी म्हटलं, "पाणी दिलं म्हणतो."

"तेलात बुडवलं तरी?"

"तेलात बुडव, नायतर आणि कशात. बोलायची रीतच तशी हाय. पाणी दिलं, असंच म्हणतात."

तू डोळे मिटून हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. नर्स मला रागावली. मला वाटलं, तापात बरळतोय. लबाडा, ती पाण्याचीच, हे माझ्याच तोंडून वदवून घेतलंस.

सुजातानं विचारलं, "काका, सांगा ना."

पाण्याची, असं सांगणं फार सोपं होतं. ती बघतच होती माझ्याकडे, आशेनं. पण लोखंडाबद्दल मी खोटं बोलत नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. आणि पाटीच्या लोभानं त्या बाईंना बोलावलं असतं तर शिक्का त्यांनाही दिसला असता. माणसांसमोर तुझं हसं झालं असतं. ते मी होऊ देणार नव्हतो. तुझं हसं करायचा हक्क माझा एकट्याचा.

"तेलाची," मी म्हटलं. "शिक्का बघ."

तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग खुंटी उचलून म्हणाली, "ही नवी आहे. अण्णांनी उघडली होती? त्यांना माहीत होतं?"

"व्हतं."

"मग भांडायचे कशाला रोज?"

"मला काय इचारतेस? त्याला इचारायचं."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. वहिनी दारातून म्हणाल्या, "काय ठरलं ते सांगा, मी कुकर लावते." तू गेल्यापासून त्या घरात धड स्वयंपाक झाला नव्हता.

मूठ मी परत बसवली. तुझी खुंटी ठोकून घट्ट केली. शेपटीचा गंज पुसला नाही. पुसायचा नसतो, तू हजारदा सांगितलंयस.

सोमवारी आम्ही रिक्षानं चौकीत गेलो. सुजातानं आधी फोन करून सांगितलं होतं, त्यामुळं कुणी दरडावलं नाही. हवालदार तरुण होता, बोलायला चांगला. कागद ओढून तो मोठ्यानं म्हणत लिहायला लागला, "एक जुनी गंजकी तलवार…"

"गंजकी कुठं दिसली तुम्हाला?"

"बाबा, जुनी म्हणजे असं लिहितात."

"म्यान काढा. काढा आधी. एक ठिपका दाखवा, मी इथून उठून जातो."

त्यानं काढली. खिडकीचा उजेड पात्यावरून पार टोकापर्यंत गेला. टेबलाशी उभे होते ते सगळे पुढं वाकले. हवालदार म्हणाला, "काय ठेवलीय हो. बरं, सांगा, काय लिहू?"

"लिहा. जपानी तलवार. लढाईच्या वेळची, कारखान्याची. तेलात पाणी दिलेली. निगा उत्तम."

"तेलात पाणी? हे काय असतं?"

"आमच्यात असंच म्हणतात. तुम्ही लिहा."

लिहिलं त्यानं. इतकी वर्षं ज्या तलवारीला मी नावं ठेवली, तिच्या एकेका शब्दासाठी मी सरकारी टेबलावर भांडलो. तू असतास तर मागं उभा राहून नुसता हसत राहिला असतास.

मालकाच्या रकान्यात तुझं नाव आलं, पुढं मयत. मग हवालदारानं पेन न उचलता विचारलं, "हिच्यावरून काही वाद? घरात, भाऊबंदांत, कुणाशी?"

सुजाता नाही म्हणणार, एवढ्यात मी म्हटलं, "हाय."

त्यानं मान वर केली. "कुणाचा?"

"माझा आणि मालकाचा."

"मालक तर मयत आहेत ना, बाबा?"

"मग काय झालं?"

तो सुजाताकडे बघायला लागला. तिनं त्याला हातानं खूण केली, काका असेच आहेत म्हणून. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि लिहिलं. मी बोट लावून वाचलं. वाद नाही. खाली साक्षीदार म्हणून माझ्यासाठी जागा सोडली आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

मी पेन परत सरकवलं. त्यानं शाईचं पॅड पुढं केलं, तेही नको म्हटलं. शेवटी बाकावर बसलेल्या दुसऱ्याच कुणा माणसाला बोलावून त्यांनी साक्ष घेतली. तो कागद आता चौकीत आहे, वामन. त्याच्यावर सुजाताची सही आहे, त्या परक्या माणसाची आहे. माझी नाही.